खारुताईचा दिवस : मुलांकडून वारंवार येणारे प्रश्न

बेळगावात बरीच वर्षं मी बालवाडी सांभाळली. आता घरी असते, पण प्रश्न अजून येतात. बहुतेक आईच्या फोनवरून, आवाजी निरोपात : मागे कुकरची शिट्टी आणि पुढे "बाई, खार…" शहापूर, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडून. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केलेत. प्रश्न मुलांच्याच शब्दांत ठेवलेत. चार ते आठ वर्षांच्या मुलांना मोठ्यांनी वाचून दाखवावेत. सोळावा आणि सतरावा मात्र मोठ्यांनी आधी स्वतः वाचावा.

१. बाई, खार म्हणजे मोठ्या शेपटीचा उंदीरच ना?

उंदीर नाही, पण उंदराची नातेवाईक आहे. दोघंही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या घराण्यातले. साळिंदरसुद्धा त्याच घराण्यातलं. या घराण्याची खूण म्हणजे पुढचे चार दात, दोन वर आणि दोन खाली. ते जन्मभर वाढतच राहतात, आपली नखं वाढतात तसे. आपण नखं कापतो. खार काहीतरी टणक कुरतडून दात झिजवते. म्हणून ती भूक नसतानाही नारळाची करवंटी नाहीतर लाकूड कुरतडताना दिसते.

राहणं मात्र दोघांचं वेगळं. उंदीर रात्री फिरतो, खार दिवसा. उंदराची शेपूट दोरीसारखी, खारीची बाटली धुवायच्या ब्रशसारखी.

२. ती केवढी असते? किती जड?

तुझ्या बाबांची वीत म्हणजे खारीचं अंग, आणि शेपूट जवळजवळ तेवढीच. मोठ्या खारीचं वजन साधारण १०० ग्रॅम. एका हातात कोंबडीची दोन अंडी घेऊन बघ, खार तेवढीच भरेल. पेरूच्या बारीक फांदीच्या टोकापर्यंत ती जाते आणि फांदी मोडत नाही, ते यामुळेच.

३. माझी मैत्रीण कन्नड शाळेत जाते. ती 'अळिलु' म्हणते. खरं नाव कुठलं?

दोन्ही खरी. मराठीत खार, कन्नडात अळिलु. गोव्या-कोकणाकडचे पाहुणे आले तर ते 'चानी' म्हणतील. लाडानं खारुताई. यातल्या कुठल्याही नावानं हाक मारलीस तरी ती पळूनच जाणार.

४. खार दिवसभर काय काय करते?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून उत्तरही मोठं. माझ्या परसात एक पेरू आणि दोन नारळ आहेत. खिडकीशी चहा घेऊन बसले की जे दिसतं ते सांगते.

सूर्य वर आला की थोड्याच वेळात ती घरट्यातून डोकं बाहेर काढते. लगेच बाहेर येत नाही. आधी नुसतं बघते. मांजर नाही ना? कावळा नाही ना? मग बाहेर येऊन कोवळ्या उन्हात अंग ताणते. त्यानंतर आंघोळ, म्हणजे पाण्याशिवायची : पुढचे दोन्ही पंजे चाटायचे, त्यांनी तोंड पुसायचं, मग शेपूट पुढे ओढून तोंडानं विंचरायची. तुम्हाला शाळेला जायची जेवढी घाई असते, तेवढी तिला यात अजिबात नसते.

मग न्याहारी. सकाळचे दोन-तीन तास ती सर्वांत जास्त पळते. झाडावर, भिंतीवर, तारेवर, पुन्हा झाडावर. थोडं खायचं, थांबायचं, कान द्यायचे, परत खायचं. मधेच दुसरी खार आली तर दोघींची खोडाभोवती गोल गोल पकडापकडी सुरू होते. मुलांना तो खेळ वाटतो. कधी खेळ असतो, पण पुष्कळदा 'हे झाड माझं' असं भांडण असतं.

दुपारी ऊन तापलं की ती गायब. सावलीतल्या फांदीवर अंग टाकून विसावा घेते (प्रश्न १९ बघा). चार-साडेचारला पुन्हा खाणं, पुन्हा धावपळ. आणि अंधार पडायच्या आत घरट्यात परत. दिवेलागणीला आज्जी तुम्हाला घरात बोलावते ना, त्याच्या थोडी आधीच खार घरी गेलेली असते. रात्री ती बाहेर पडत नाही. शेपूट अंगाभोवती गुंडाळून सकाळपर्यंत झोप.

पावसाळ्यात हे वेळापत्रक बिघडतं. खानापूर-जांबोटीकडे पाऊस धरला की दिवस दिवस उघडीप नसते. खार तेव्हा घरट्यातच बसून राहते, आणि जरा उजेड आला की घाईघाईनं बाहेर पडून मिळेल ते खाऊन घेते.

५. तिला खायला काय आवडतं?

काय आवडत नाही ते सांगणं सोपं. पेरू, चिक्कू, आंबा, जांभूळ, उंबर, बोरं, वेगवेगळ्या बिया, कोवळे कोंब, फुलं. खाली गच्चीत वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा. आमच्या चिक्कूवर मी आणि ती दोघीही डोळा ठेवून असतो, आणि पिकलेला चिक्कू आधी तिलाच कळतो.

दोन गोष्टी मात्र मुलांना माहीत नसतात. एक, खार फक्त फळं खात नाही. किडे खाते, मुंग्या खाते, कधी पक्ष्याचं अंडंही फोडते. हे ऐकून एका मुलीनं मला "शी!" म्हटलं होतं. पण खारीला तेही अन्नच. दोन, तिला फुलांतला गोड रस आवडतो. जानेवारी ते मार्च काटेसावरीला लाल फुलं येतात. तेव्हा नीट बघा. खार फुलात तोंड खुपसून रस चाटते, आणि बाहेर येते तेव्हा मिशांना पिवळे पराग चिकटलेले असतात. तशाच तोंडानं ती पुढच्या फुलावर जाते आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला पोचवते. झाडाला फळ धरायला त्याची मदत होते.

खाताना ती मागच्या पायांवर बसते आणि शेंग पुढच्या दोन्ही पंजांत धरून फिरवते, आपण मक्याचं कणीस फिरवतो तशी.

६. कार्टूनमधली खार थंडीसाठी खाऊ पुरून ठेवते आणि झोपून जाते. आपली पण झोपते का?

नाही. कार्टूनमधली खार थंड देशातली. तिथे बर्फ पडतं, झाडांची पानं झडतात, खायला काही उरत नाही. म्हणून तिथल्या खारी आधीच बिया पुरून ठेवतात, आणि थंड देशांतल्या काही जमिनीवरच्या खारी तर महिनोन्महिने गाढ झोपतात. बेळगावात बर्फ कुठलं पडायला! डिसेंबरातही आपल्याकडे पेरू असतो, त्यामागून सावर फुलते, मग आंबा, मग जांभूळ. आपल्या खारीला बारा महिने काही ना काही मिळतं. म्हणून ती बाराही महिने जागी असते. थंडीच्या सकाळी जरा उशिरा बाहेर येते, एवढंच.

चित्रांच्या पुस्तकांत खारीच्या हातात नेहमी टोपीवालं एक फळ असतं. ते ओक नावाच्या झाडाचं फळ. तुम्ही चित्र काढाल तेव्हा तिच्या हातात शेंग द्या. मी तरी पूर्ण मार्क देईन.

७. ती पाणी पिते का?

पिते, पण थोडं. रसाळ फळांतून आणि पानांवरच्या दवातून बरंच मिळून जातं. एप्रिल-मे महिन्यांत, वळीव पडायच्या आधी, कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवा. ताटली उथळ हवी आणि मधे एक दगड हवा, म्हणजे कुणी पडलं तर चढून बाहेर येईल. पाणी रोज बदलायचं.

८. एवढी मोठी शेपूट कशाला?

चार कामांना. तारेवरून पळताना तोल सांभाळायला. थंडीत पांघरूण म्हणून. बोलायला, म्हणजे ओरडताना ती शेपूट झटकते आणि दुसऱ्या खारींना ते लांबून दिसतं (ओरडण्याबद्दल प्रश्न १० मध्ये). आणि चौथं काम जीव वाचवायचं : मांजरानं झडप घातली तर पुष्कळदा त्याच्या तोंडात नुसते शेपटीचे केस येतात आणि खार निसटते. तुटक्या शेपटीची खार दिसली तर समजा, ती एकदा वाचलेली आहे. तुटलेली शेपूट मात्र पालीसारखी पुन्हा येत नाही.

९. मी झाडावरून उतरताना पाय आधी खाली टाकतो. खार डोकं खाली करून कशी उतरते?

तिचा मागचा पाय घोट्यातून उलटा फिरतो. तू तुझं पाऊल फिरवून बघ, थोडंसंच वळेल. खारीचं पाऊल पार मागच्या दिशेला वळतं. म्हणजे डोकं खाली असलं तरी मागच्या पायांची नखं वर खोडात रुतलेली असतात, आणि ती खोडाला जणू टांगल्यासारखी उतरते. मांजराला हे जमत नाही. म्हणून मांजर झाडावर सरसर चढतं आणि वर अडकून म्यांव म्यांव करत बसतं.

बोटं मोजायची असतील तर पुढच्या पंजाला चार ठळक, मागच्याला पाच. पुढचा अंगठा अगदी नावापुरता असतो.

(हा प्रयोग झाडावर करायचा नाही. खाली बसून पाऊल फिरवा.)

१०. खार सारखी चिक् चिक् चिक् का ओरडते? तिला राग आलाय का?

कधी राग, पण बहुतेक वेळा भीती. ती 'सावध!' असं सांगत असते. मांजर दिसलं, धामण दिसली, वरून शिक्रा गेला, की एका जागी बसून एका लयीत ओरडत राहते, आणि प्रत्येक 'चिक्'बरोबर शेपटीला झटका. हे पाच-दहा मिनिटंही चालतं. गंमत म्हणजे ते ऐकून आसपासचे बुलबुल आणि साळुंक्याही गडबडतात. त्यांना खारीची भाषा बोलता येत नाही, पण कळते.

पुढच्या वेळी आवाज आला की खारीकडे बघू नका. खार *जिकडे* बघते आहे तिकडे बघा. खाली कुठेतरी मांजर सापडेल.

११. पाठीवरचे पट्टे रामानं काढले, असं आज्जी सांगते. खरं आहे का?

आज्जीची गोष्ट फार जुनी आणि छान आहे. लंकेला जायला समुद्रावर पूल बांधायचा होता. वानर मोठमोठे दगड आणत होते. छोटी खार वाळूत लोळायची आणि अंगाला लागलेली वाळू पुलावर नेऊन झटकायची. रामानं प्रेमानं तिच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले. त्यावरूनच आपण 'खारीचा वाटा' म्हणतो. तुम्ही पोळपाटावर छोटीशी वाकडी पोळी लाटता ना, तो तुमचा खारीचा वाटा.

आता पट्ट्यांचं काम काय, ते वेगळं. झाडाच्या खोडावर भेगा असतात, पानांतून उन्हाचे कवडसे पडतात. पट्टेवाली पाठ त्यात मिसळून जाते आणि वरून उडणाऱ्या शिक्र्याला खार चटकन दिसत नाही. ती हलली नाही तर तुम्हालाही दिसणार नाही. आज्जीला गोष्ट सांगू दे आणि तू तिला हे सांग. पट्टे नक्की किती, हा भांडणाचा विषय आहे, तो प्रश्न २० मध्ये.

१२. खारीचं घर कुठे असतं?

नारळाच्या झावळ्यांच्या बेचक्यात, झाडाच्या ढोलीत, दाट फांद्यांत, आणि बेळगावच्या जुन्या घरांतून मंगलोरी कौलांच्या खाली. मीटरच्या पेटीवर, न वापरलेल्या पोस्टाच्या डब्यात, गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्रीतही मी पाहिलंय.

घरटं म्हणजे गवत, काथ्या, कापूस, दोरे, चिंध्या यांचा एक चेंडू. आतून मऊ. सामान ती कुठूनही पळवते. एका हिवाळ्यात माझी काथ्याची पायपुसणी रोज थोडी थोडी कमी होत होती. मी घरातल्या सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी एका सकाळी तोंडात काथ्याचा भलामोठा झुपका घेऊन, मिशा लावल्यासारखी, नारळावर चढताना चोर सापडली.

१३. तिला बाळं कधी होतात? किती?

वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा. एका वेळी बहुधा दोन किंवा तीन. आईच्या पोटात ती महिना-सव्वा महिना असतात. जन्मतात तेव्हा गुलाबी, केस नसलेली, डोळे मिटलेली, तुझ्या करंगळीएवढी. आई त्यांना दूध पाजते. साधारण अडीच महिन्यांनी दूध सुटतं आणि मग ती आपलं आपण खायला लागतात.

हे सगळं आई एकटी करते. बाबा-खार मदतीला येत नाही, हे ऐकून माझ्या वर्गातला एक मुलगा फार नाराज झाला होता. आणि घरट्याजवळ कुणी सारखं डोकावलं, तर आई एकेका पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात हलवते. म्हणून डोकावायचं नाही. लांबून बघा.

१४. मी तिला बिस्किट दिलं तर ती माझ्या हातातून खाईल?

खाईल कदाचित, पण देऊ नका. बिस्किट, चिवडा, चॉकलेट आणि (एका मुलानं विचारलं म्हणून लिहिते) कुंदा, यांतलं काहीच नाही. साखर, मीठ, तेल तिच्या पोटाला चालत नाही. द्यायचंच असेल तर मूठभर कच्च्या, बिनमिठाच्या शेंगा टरफलासकट, नाहीतर फळाची एखादी फोड, भिंतीवर ठेवून लांब व्हायचं. टरफल फोडण्यात तिचे दातही झिजतात (प्रश्न १).

हातातून नाही, याला दोन कारणं. शेंगेचं टोक आणि बोटाचं टोक यात ती चुकू शकते. आणि माणसांची भीती गेली की ती वाईट माणसाजवळही जाईल, कुत्र्याजवळही जाईल.

१५. पिंजऱ्यात पाळू का?

नको. खार रानटी प्राणी आहे आणि रानटी प्राणी पकडून ठेवू नयेत, असा आपल्या देशात १९७२ सालापासून कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न ४ मधला तिचा दिवस आठवा आणि तो पिंजऱ्यात बसवून बघा. बसत नाही.

१६. पिल्लू झाडाखाली पडलंय! काय करू?

वळवाच्या वाऱ्यात नारळाच्या झावळ्या पडतात, तेव्हा दरवर्षी हे निरोप येतात. मुलांनी पहिलं काम एकच करायचं : मोठ्या माणसाला हाक मारायची, आणि तोवर मांजर-कुत्र्याला लांब ठेवायचं.

मोठ्यांनी आधी पिल्लू नीट बघावं. अंगावर केस आहेत, डोळे उघडे आहेत, शेपूट फुललेली आहे, हात नेला की पळतंय? मग ते पडलेलं नाही, शिकतंय. त्याला तिथेच सोडा.

डोळे मिटलेले किंवा अंग उघडं असेल तर मदत लागते. मऊ सुती कापडात उचला. उघड्या खोक्यात जुनं कापड घालून त्यात ठेवा. हात लावून गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटून नको. खोकं त्याच झाडाच्या बुंध्याशी, शक्यतो जरा उंचावर, मुंग्या लागणार नाहीत असं ठेवा. आणि मग घरात जा. हे सर्वांत अवघड आहे. तुम्ही सगळे भोवती उभे असाल तोवर आई खाली येणार नाही. खिडकीतून बघा. आई आली तर पिल्लू तोंडात धरून वर नेईल. 'माणसाचा हात लागला की आई घेत नाही' हे खोटं आहे.

दूध पाजू नका. पाणीही नाही. ड्रॉपरनं घातलेलं दूध पिल्लाच्या छातीत जातं. खूप वर्षांपूर्वी मीच एका पिल्लाला वातीनं गाईचं दूध पाजलं होतं, माया म्हणून. ते सकाळपर्यंत राहिलं नाही. तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगते.

अंधार पडेपर्यंत आई आली नाही, किंवा रक्त येतंय, मांजराचा दात लागलाय, मुंग्या लागल्यात, तर वाट बघू नका. पिल्लाला उबेत ठेवून वन खात्याच्या जवळच्या ऑफिसला किंवा जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.

१७. खार चावली तर इंजेक्शन घ्यावं लागतं का?

खार आपणहून चावत नाही. पकडली, कोंडली किंवा हातातून भरवलं तर चावू शकते. चावली तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, चांगली पंधरा मिनिटं, आणि डॉक्टरांना दाखवायचं. खारीपासून रेबीज होणं अगदी क्वचितची गोष्ट, पण धनुर्वाताचं वगैरे काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरायची नाही. आणि मुलांनो, रागावतील म्हणून लपवायचं तर मुळीच नाही.

१८. आज्जा म्हणतात खार वाईट, आंबे खाते. आई म्हणते खार चांगली. कोण बरोबर?

आज्जांचा राग मी समजू शकते. खार अर्धा आंबा खाते आणि अर्धा टाकून दुसरा धरते. वायरी कुरतडते, शेतात ठिबकच्या नळ्या कुरतडते, माळ्यावरच्या गाद्यांतला कापूस काढते. आईही बरोबर, कारण तीच खार किडे खाते आणि परागही नेते (प्रश्न ५).

आज्जांना हे वाचून दाखवा : वाळत घातलेल्या शेंगांवर जुनी मच्छरदाणी पसरा. हातात येणाऱ्या फळांना कापडी पिशवी बांधा. कौलाखालचं भोक बुजवायचं असेल तर आधी आत पिल्लं नाहीत ना ते बघा. असतील तर ती मोठी होऊन जाईपर्यंत थांबा. विष घालू नका, ते मांजरापर्यंत आणि घुबडापर्यंत जातं.

१९. दुपारी एक खार फांदीवर पोट टेकून, चारी पाय पसरून पडली होती. मेली का?

नाही, तिला उकडत होतं. खारीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पोटावर केस विरळ असतात, म्हणून ती पोट गार फांदीला नाहीतर गार फरशीला चिकटवून अंगातली उष्णता घालवते. उन्हाळ्यात तुम्ही शहाबादी फरशीवर उघड्या पोटानं झोपता, तेच. जवळ गेलात तर उठून पळेल. जमिनीवर एका कुशीवर पडली असेल आणि जवळ गेलं तरी हलत नसेल, तर मात्र ती आजारी किंवा जखमी आहे. हात लावू नका, मोठ्यांना बोलवा.

२०. पुस्तकात खारीला तीन पट्टे आहेत. भाऊ म्हणतो पाच असतात.

दोघंही जिंकलात. आपल्या देशात पट्टेवाल्या खारी एकाहून जास्त प्रकारच्या आहेत. तीनपट्टी खार साधारण दक्षिणेकडची, पाचपट्टी खार साधारण उत्तरेकडची. पश्चिम घाटाच्या दाट रानात आणखी एक तीन पट्ट्यांची, जरा गडद रंगाची खार असते. पुस्तक कुठे छापलं त्यावर जाऊ नका, तुमच्या झाडावरची खार मोजा.

मोजताना फिकट पट्टे मोजायचे, मधले काळपट नाहीत. पाठीच्या मध्यावर तीन ठळक दिसतील. मग दोन्ही कुशींना खाली आणखी एकेक पुसट पट्टा आहे का ते बघा. असला तर पाच, नसला तर तीन. खार स्थिर बसत नाही, म्हणून हे एका दिवसात होत नाही. एका मुलीला आठवडा लागला. तिचं उत्तर तीन आलं.

२१. मामाच्या गावी, कणकुंबीजवळ, मांजराएवढी लाल खार बघितली. कुणी विश्वास ठेवत नाही.

मी ठेवते. ते शेकरू. पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळट पांढरं, शेपूट अंगापेक्षाही लांब आणि झुपकेदार. वजन दीड-दोन किलो, म्हणजे आपल्या परसातल्या पंधरा-वीस खारी एका तराजूत घातल्यासारखं. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात शेकरू आहेत. त्या जंगलाला २०११ साली अभयारण्य केलं. पुण्याजवळचं भीमाशंकर वेगळं, तिथेही शेकरू आहे. मुलं दोन्ही नावांत नेहमी गोंधळतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पण राहतो कर्नाटकातही. त्याला कुणी विचारलेलं नाही.

शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहा मीटरपर्यंत उडी मारतं. तुमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, साधारण तेवढी. काटक्या-पानांची मोठी गोल घरटी उंच शेंड्याला बांधतं आणि तीही एकाहून जास्त. झाडं तोडून मधे मोठी फट पडली की त्याची उडी पुरत नाही, आणि पलीकडची जांभळं पलीकडेच राहतात.

२२. उडणारी खार खरंच असते?

असते, घाटातल्या जंगलात. पण ती उडत नाही, तरंगत जाते. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. उंच झाडावरून उडी मारताना चारी पाय पसरले की तो पडदा पतंगासारखा ताणला जातो आणि ती लांबच्या झाडावर अलगद उतरते. वर चढत जाणं तिला हवेत जमत नाही. पंख फडफडवत खरं उडणारा दूध पाजणारा प्राणी एकच, वटवाघूळ.

प्रश्न ४ मध्ये मी म्हटलं की खार रात्री बाहेर पडत नाही. ही त्याला अपवाद. ही दिवसभर ढोलीत झोपते आणि रात्री हिंडते. म्हणून जंगलाजवळ राहणाऱ्यांनाही ती क्वचितच दिसते.

२३. आमच्या घरची खार आठ दिवस दिसत नाही. कुठे गेली?

कदाचित पिल्लं झाली असतील आणि ती घरट्याजवळच राहत असेल. कदाचित पलीकडच्या गल्लीत आंबा पिकला असेल. कदाचित मांजरानं नाहीतर शिक्र्यानं नेली असेल. मुलांना हेही सांगावं, लपवू नये. खार फार वर्षं जगत नाही. मोकळ्या खारीला दोन-चार वर्षं मिळाली तर पुष्कळ.

मी स्वतः दहा वर्षं 'आमची खार' म्हणते आहे. हिशेब केला तर ती तिसरी किंवा चौथी असणार, आणि मला बदल कधी झाला ते कळलंही नाही. पायपुसणी पळवणारीची शेपूट पूर्ण होती. परवा पेरूवर बसली होती तिची टोकाला तुटकी आहे.